बंदराच्या वेळेवर जेवणारं गाव

पुण्या-मुंबईहून रत्नागिरीत येणाऱ्या पाहुण्यांची दोन दिवसांची एक ठरलेली परेड असते. गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, रत्नदुर्गावरची भगवती, थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान, भाट्याच्या पुळणीवर सूर्यास्त, आणि रात्री एखाद्या एसी हॉटेलात सुरमईची थाळी. त्या हॉटेलच्या पाटीवर बहुधा ‘अस्सल मालवणी’ लिहिलेलं असतं. मालवण इथून दीडशे किलोमीटरच्या वर. त्या हिशेबानं कोल्हापूर जवळ. पण याचं कुणालाच काही वाटत नाही, ना मालकाला, ना गिऱ्हाइकाला. सोलकढी गुलाबी असली आणि सुरमईचा तुकडा ताटाबाहेर डोकावत असला की पैसे वसूल.

माझं या परेडशी भांडण नाही. घरी आलेल्यांना मीही ती घडवते, किल्ल्यावर धापा टाकते, ‘इथून समुद्र काय दिसतो ना’ हे दर खेपेला नव्यानं ऐकून घेते. पण कुणी विचारलं, की इथे स्वस्तात चांगलं काय खायला मिळतं, तर मला चेव येतो. कारण या प्रश्नाचं उत्तर हॉटेलांच्या यादीत नाही. स्वस्त खाणं पर्यटकासाठी कुणी बनवतच नाही. घरापासून लांब आलेल्या, अंगमेहनतीचं काम करणाऱ्या, रोजच्या खर्चाला मोजके पैसे असलेल्या माणसासाठी ते बनतं. म्हणून आधी विचारायचं ते असं, की परगावची माणसं इथे कुठे राबतात आणि त्यांना कधी भूक लागते?

मी स्वतः घाटावरची, सांगलीकडची. बँकेतल्या बदलीनं इथे आले ती राहिलेच. सुरुवातीला खाणावळीचा डबा होता. त्यात दुपारी आमटी आणि रात्री तीच आमटी पाणी घालून. मग संध्याकाळी बँक सुटली की पाय आपोआप उताराला लागायचे. मारुती मंदिराची बाजू सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, तिथून गाव पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गोखले नाक्यापर्यंत येतं आणि पुढे समुद्राच्या अंगाला वठारं, म्हणजे जुन्या वस्त्या, लागतात: घुडेवठार, चवंडेवठार, खडपेवठार. समोर मांडवी, उजव्या हाताला मिरकरवाडा, डाव्या हाताला खाडीच्या कडेनं राजिवडा. एवढ्या पट्ट्यात भंडारी, खारवी, दालदी मुसलमान, ब्राह्मण आळ्या, गुजराती-मारवाड्यांची दुकानं, आणि हल्लीच्या काळात नेपाळी, कानडी, बिहारी. सगळं चालत होतं. रिक्षाची गरज नाही, आणि रिक्षावाले मीटर टाकत नाहीत ते वेगळंच.

मिरकरवाड्याला सकाळी सातच्या आत गेलात तर अर्थ आहे. रत्नदुर्गाच्या कुशीतलं हे बंदर जिल्ह्यातलं मासळीचं मोठं बंदर. इथे सेल्फीला जागा नाही. पायाखाली खवल्यांचं पाणी, डोक्यावर घारी, आणि तुम्ही मध्येच उभे राहिलात तर मागून बर्फाची हातगाडी येते: ‘ओ ताई, साईड!’ लिलाव करणारा क्रेटच्या ढिगाशी उभा राहून आकडे म्हणत सुटतो. त्यातलं एक अक्षर नवख्याला कळत नाही. घेणारा बोलतही नाही, नुसती मान हलवतो, आणि ढीग विकला गेलेला असतो. डोक्यावर टोपली घेऊन वाडीवस्तीत मासे विकणाऱ्या बायका तिघी-चौघी मिळून एक ढीग उचलतात, तिथेच बसून वाटे पाडतात. वाटे पाडताना जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. पाचच मिनिटांत त्याच बायका एका बशीतून चहा पीत असतात. म्हाकूल (स्क्विड) आणि मोठी कोळंबी मात्र इथे थांबत नाही. ती कंपनीच्या बर्फात पडून परदेशच्या वाटेला लागते.

कान उघडे ठेवा. बोटीचा मालक आणि तांडेल (बोटीवरचा मुख्य) आपसात दालदी मोहल्ल्यातली कोकणी बोलतात, कंपनीचा माणूस हिंदी, बर्फाच्या ट्रकवाल्याच्या फोनवर कानडी, आणि जाळी ओढणारे, क्रेट उचलणारे बरेचसे खलाशी नेपाळी. हिमालयातली माणसं अरबी समुद्रात मासे धरतात याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं. एकाला विचारलं, पोहता येतं का? तो म्हणाला, नाही. आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

या खलाशांच्या जोरावर धक्क्याबाहेरच्या टपऱ्या चालतात. रात्रभर समुद्रात काढलेल्या माणसाला सकाळी सात वाजता पोहे नको असतात. त्याला जेवण हवं असतं. म्हणून गावात इतरत्र चहा-खारी चाललेली असते तेव्हा इथे तव्यावर भुर्जी असते, वडा-उसळ असते, पाव दणादण संपत असतात. उसळ काळ्या वाटाण्याची, खोबऱ्याच्या वाटपाची, आणि चांगली तिखट. वरच्या बाजूच्या नाश्त्याच्या हॉटेलात जी उसळ मिळते तिच्यात खोबरं जास्त असतं आणि जीव कमी. माझं मत. भांडायला तयार आहे.

बोटीवरच्या जेवणाचा नियमही तिथेच कळला. ज्या माशाला लिलावात भाव नाही तो टोपात जातो. ढोमे, बारके लेप, पाय तुटलेले खेकडे, नाव नसलेलं काहीबाही. मोठ्या टोपात भात, दुसऱ्या टोपात लाल पातळ कालवण. एकदा ओळखीच्या तांडेलानं थाळीत वाढून दिलं. त्यात वाटप नव्हतं, नारळ नव्हता, फक्त तिखट, हळद, चिंच आणि मीठ, आणि तास-दोन तासांपूर्वी पाण्यात असलेला मासा. त्या चवीला पाचशे रुपयांची थाळी पोचत नाही, कारण तिच्यातला मासा किमान एक बर्फ बघून आलेला असतो.

धक्क्यावरून परत येताना वाटेत एक बाई मोमोची गाडी लावते. बाई नेपाळची, पश्चिमेकडच्या डोंगरातली. नवरा बोटीवर. आधी दोघं आंब्याच्या बागेत राखणीला होती. हापूसच्या बागांमधून नेपाळी कुटुंबं सर्रास दिसतात. दिवाळीच्या सुमारास येतात, बागेतल्या खोपटात राहतात, माकडं-वानरं हाकलतात, फवारणी आणि काढणीला हातभार लावतात आणि पावसाच्या तोंडावर घरी जातात. बागायतदार त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात. ही बाई म्हणाली, बागेत पैसे बरे होते, पण बोलायला कुणी नव्हतं. बंदरावर माणसं आहेत.

तिच्या गाडीवर कोबीचे आणि चिकनचे, दोन प्रकारचे मोमो. पीठ जरा जाड. खरी गंमत चटणीत आहे. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा टोमॅटो कळला, मिरची कळली, आणि मग जीभेच्या टोकाला एक बारीक झिणझिणी सुरू झाली. ती झिणझिणी माझ्या ओळखीची होती. कोकणात राहून ती ओळखीची नसेल असं होणारच नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतात ना, तीच. मी विचारलं, तर बाईनं गाडीखालच्या डब्यातून मूठभर काढून दाखवली. काळपट करडी, फुटलेली, बी काढून टाकलेली तिरफळं. तिच्याकडे डोंगरात तिमूर नावाचं फळ असतं, ते वाटून चटणीत घालतात. इथे ते मिळेना. मच्छी मार्केटबाहेर मसाला विकणाऱ्या म्हातारीच्या टोपलीत तिनं तिरफळं पाहिली, एक चावून बघितलं आणि तिथेच तिला रडू आलं म्हणे. तिमूर आणि तिरफळ दोन्ही एकाच वंशातली, झॅन्थॉक्सायलम. दोघांच्या झाडांना काटे. एक हिमालयाच्या उतारावर वाढतं, एक सह्याद्रीच्या. फरक एवढाच, की तिमूरला लिंबाचा वास जास्त, असं ती सांगते. आमच्या तिरफळाचा वास जरा उग्र.

कुठल्या पर्यटन पुस्तिकेत ही चटणी नाही. नसलेलीच बरी, नाहीतर पुढच्या मोसमात तिची ‘फ्यूजन’ पाटी लागेल आणि प्लेट दोनशेला जाईल.

राजिवडा वेगळा. मिरकरवाड्याला घाई असते, राजिवड्याला नाही. काजळी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठानं ही वस्ती. पलीकडे भाट्ये, मध्ये पूल. घरं एकमेकांना खेटून, मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मोटारसायकल आली की ओटीवर चढावं लागतं. ओटीवर चढलं की घरातून आवाज येतो, कोण गो? मग ओळख निघते. बँकेत पेन्शनच्या रांगेत बसणाऱ्या एक खाला मला अशाच सापडल्या. त्या माझ्याशी बोलतात ती भाषा माझ्यापेक्षा जास्त कोकणातली आहे. त्यांना ‘तुमचं मराठी छान आहे हो’ असं म्हणणाऱ्या एका पुणेकर पाहुणीला मी कोपरानं ढोसलं होतं. खालांनी शांतपणे उत्तर दिलं, ‘तुझाही वाईट नाय.’

या मोहल्ल्यांचं पोट पिढ्यान् पिढ्या समुद्रावर. काही घरं मासेमारीत, काही जहाजावर. रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान बोटींवर खलाशी म्हणून जगभर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतले बरेच दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन राहिले, तिथे अजून त्यांची वस्ती आहे. पुढे कुवेत, दुबई, सौदी. खालांच्या घरी कपाटात टँगचा डबा असतो, कस्टर्ड पावडर असते, आणि मुलाच्या सुट्टीच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेल्या असतात. कोकणनगरच्या बाजूला शोरमाच्या गाड्या फिरायला लागल्या त्याही याच वाटेनं. आखातात बारा तास हॉटेलात राबलेला माणूस परत आला की त्याच्या हातात तीच कला असते. आमच्या बँकेतून अशा गाड्यांसाठी कर्जं गेलेली आहेत, आणि बाकीच्या कर्जांच्या मानानं ती नियमित फिटलेली आहेत, एवढं सांगते.

रोजच्या खाण्यात इथली बेकरी बघावी. पहाटे भट्टीतून निघालेला पाव सायकलवर बांधून गावभर जातो, हॉर्न वाजवत. हिंदूंच्या आळीतली कितीतरी म्हातारी माणसं या पावावर आणि चहात बुडवायच्या बटरवर वाढलेली आहेत. बेकरीच्या दाराशी उभं राहून गरम पाव मागितला तर कागदात गुंडाळून देतात, किंमत चिल्लर. सोबत काही लागत नाही.

रमजानात संध्याकाळी मात्र चित्र बदलतं. गल्लीच्या तोंडाशी टेबलं लागतात: भजी, समोसे, कटलेट, कापलेलं कलिंगड, फालुदा. ही गर्दी मी पाहिली आहे, चांगली असते, पण खरं खाणं गल्लीत नसतं. ते घरात असतं. खाला सांदण करतात ते एकदा मी स्वयंपाकघरात बसून बघितलं. घाटावर सांदण नाही. इकडे ब्राह्मणांच्या घरी मी जे खाल्लं होतं ते फणसाच्या रसातलं, पिवळं, गुळाचं. खालांचं पांढरं. तांदूळ भिजवून रवाळ वाटलेला, त्यात नारळाचं दाट दूध, साखर, चिमूटभर यीस्ट. पीठ फुगून पातेल्याच्या काठाशी आलं की छोट्या वाट्यांना तेलाचा हात लावून अर्ध्या-अर्ध्या भरायच्या आणि वाफेवर ठेवायच्या. झाकणाला आतून फडकं बांधलेलं, म्हणजे वाफेचं पाणी वर पडत नाही. मी झाकण उघडायला गेले तर हातावर चापटी बसली. ‘वास आला की उघडायचा. डोळ्यांनी नाय बघायचा.’ आणि खरंच, दहा-बारा मिनिटांनी नारळाचा कच्चा वास जाऊन गोडसर भाजल्यासारखा वास आला. वाटीतून सांदण सुटलं ते जाळीदार, दाबलं तर परत वर येणारं. गोड असून ते कोंबडीच्या झणझणीत रश्श्याबरोबर खायचं. हे माझ्या घाटी डोक्यात आधी बसेना. पहिल्या घासानंतर बसलं.

ही सांदणं त्या ऑर्डरीवर करून देतात. पाटी नाही, फोन नंबर मी देणार नाही. राजिवड्यातल्या कुठल्याही बेकरीत विचारा, अशी चार घरं सांगतील.

थिबा राजवाडा हा परेडीतला मुक्काम मी पाहुण्यांना जरा माझ्या पद्धतीनं दाखवते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा-राणीला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला पाठवलेलं होतंच. म्हणजे इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे. लोक तो तांबडा राजवाडा, अर्धगोल कमानींच्या लाकडी खिडक्या बघतात आणि म्हणतात, कैदेत असून थाट काय! त्यांना सांगावं लागतं, की राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये. तोवर चोवीस वर्षं ते कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत होतं. नव्या वास्तूत थिबा सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली. राजाची कबर इथेच, शिवाजीनगरला. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले तेव्हा गावातल्या अनेकांना कबरीचा पत्ता पहिल्यांदा कळला.

मला या गोष्टीत एक वेगळाच प्रश्न छळतो. हे लोक जेवत काय होते? बर्मी जेवणाचा पाया म्हणजे ङापी, मासळी-कोळंबी आंबवून केलेला लगदा. वास असा, की परक्यानं नाक धरावं. पण मे महिन्यात मिरकरवाड्याच्या बाजूला जवळा वाळत पडलेला असतो त्या वासात वाढलेल्या गावाला त्याचं काय वाटणार! राजाच्या आचाऱ्यांना इथला जवळा, इथला नारळ, इथला तांदूळ हे सगळं ओळखीचंच असणार. त्यांच्याकडेही नारळाच्या दुधात कोंबडी शिजते, शेवया घालून खातात. इतकं सारखं असून तीस-एक वर्षांच्या मुक्कामात एक बर्मी पदार्थ रत्नागिरीत रुजलेला मला कुठे दिसला नाही. कुठल्या टपरीवर नाही, कुणाच्या घरी नाही.

माझ्यापुरतं मी उत्तर काढलं आहे. राजा विकायला बसत नाही. त्याच्या स्वयंपाकघरातलं त्याच्या भिंतींच्या आतच संपतं. मोमोची गाडी लावणारीला मात्र संध्याकाळपर्यंत पातेलं रिकामं करायचं असतं, म्हणून ती तिरफळ शोधते, गिऱ्हाइकाच्या जिभेला काय चालेल ते बघते, आणि तसा पदार्थ गावात शिरतो.

राजघराण्याचं उरलं ते वेगळ्या रूपात. थोरल्या राजकन्येला राजाकडच्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली, टूटू. ती इथेच वाढली, इथेच लग्न करून राहिली, मराठी बोलली. गरिबीत, गोवऱ्या थापून आणि कागदाची फुलं करून तिनं संसार रेटला आणि २००० साली ती गेली. तिला पाहिलेली माणसं गावात आहेत. ती चेहऱ्यानं बर्मी होती आणि तोंडानं आमच्यातली होती, असं एका आजींनी सांगितलं. तिच्या हातची मच्छी कशी असायची, हे विचारायचं मला सुचलं तोवर त्या आजीही गेल्या.

आठवडा बाजाराकडून आत आलं की पतितपावन मंदिर. पाहुणे इथे पाच मिनिटं देतात. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असं हे मंदिर त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं उभं राहिलं, १९३१ मध्ये. भागोजीशेठ भंडारी समाजातले, रत्नागिरीतच गरिबीत वाढलेले आणि मुंबईत जाऊन बांधकाम व्यवसायात मोठे झालेले. दादरची शिवाजी पार्कची स्मशानभूमीही त्यांच्याच देणगीची. देवळाची गोष्ट लोकांना माहीत असते. त्याच्याच आगेमागे, १९३३ मध्ये, इथे ‘अखिल हिंदू उपहारगृह’ निघालं होतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कुठल्याही जातीच्या हिंदूनं यावं, शेजारी बसावं, चहा प्यावा, आणि तोही अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या माणसाच्या हातचा. आज हे वाचताना विशेष वाटत नाही. पण तो काळ असा होता, की वरच्या आळीतल्या माणसाच्या पोटात असा चहाचा कप गेला की घरी त्याचं पान वेगळं मांडलं जायचं. देवळात जाणं एकवेळ सोपं, देव बोलत नाही. एका बाकावर बसून खाणं अवघड. त्या उपहारगृहाच्या नावात त्याची व्याप्तीही आहे आणि कुंपणही. इथून राजिवडा चालत वीस मिनिटांवर, आणि तो त्या नावात बसत नव्हता.

मला हे सगळं बाजारपेठेतल्या एका साध्या खाणावळीत आठवतं. मालकीण भंडारी, आचारी कारवारकडचा, वाढणारी पोरं बिहारची. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, भात, आणि फोडणीचं नाही तर नुसतं कोकम-नारळाचं सार. बाकडं लांब, दोन्ही बाजूंनी बसायचं. शेजारी कोण बसलाय ते आपल्या हातात नाही. एसटीचा कंडक्टर, कोर्टाच्या कामाला आलेला संगमेश्वरचा शेतकरी, टाईल्स बसवणारा राजस्थानी कारागीर (तो शाकाहारी, त्याला वालाची उसळ), आणि पर्स मांडीवर घेऊन बसलेली मी. पहिल्यांदा गेले तेव्हा मालकिणीनं मला पडद्याआडच्या ‘फॅमिली’ कोपऱ्यात बसवायची खटपट केली. तिथे पंखा नव्हता. मी बाहेरच बसले. तेव्हापासून ती ‘या वैनी’ म्हणते आणि माझ्यासाठी बांगड्याचा मधला तुकडा ठेवते, आणि मी त्याच्या बदल्यात तिच्या पासबुकातल्या नोंदी समजावून सांगते.

बाकीचं पटकन. कर्नाटकातून येऊन बसलेल्या अय्यंगार बेकऱ्या महाराष्ट्रभर आहेत तशा इथेही, खारं बन घ्या. उडप्याचा डोसा सगळीकडे सारखा, त्यासाठी रत्नागिरीला यायला नको. कार्तिकी एकादशीला विठ्ठल मंदिराच्या यात्रेत जा, खाण्यापेक्षा धक्के जास्त मिळतील पण जा. मांडवीची वाळू काळी, किल्ल्यापलीकडच्या पांढऱ्या समुद्राची पांढरी. मांडवीला भेळ, पांढऱ्या समुद्राला काहीच नाही. मात्र जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं आणि पुढची काही वर्षं तिथे हलेना, तेव्हा ते बघायला येणाऱ्यांसाठी तिकडेही भुट्टे आणि आइस्क्रीमच्या गाड्या उभ्या राहिल्या. गावातल्या मत्स्यालयापेक्षा तिथे गर्दी जास्त असायची. आपली माणसं, काय बोलणार.

पाहुणे हमखास मे महिन्यात येतात, आंब्यासाठी. कोण काय विकतं आणि कुठून आलंय हे बघायला तो महिना चांगला, पण खायला नाही. सगळ्याचे भाव चढलेले, खाणावळीत रांग. त्यानंतर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बोटी खाडीत ओढून ठेवतात, वर प्लास्टिक घालतात, खलाशी ट्रेन पकडतात. धक्क्याबाहेरच्या निम्म्या टपऱ्या बंद. खाणावळीत सुकं येतं: सुकट, खारा बांगडा, आणि खाडीतल्या शिंपल्या, म्हणजे मुळे-तिसऱ्या, मिळाल्या तर मिळाल्या. पावसात खाडीकाठी उभं राहून चिवणी मासे घेऊन येणाऱ्या बायकांची वाट बघायची, ती मजा वेगळी. पण सकाळी सात वाजता भुर्जी तळणाऱ्या तव्याचा आवाज मिरकरवाड्यात ऐकू येत नाही. वास मात्र असतो. तो बारा महिने.

ऑगस्टात बोटी सुटल्या की मी जाऊन बघते, कोण कोण परत आलं. गेल्या खेपेला मोमोवाली आली ती गावाहून पिशवीभर खरं तिमूर घेऊन. मोठ्या अभिमानानं पुडी उघडून मला वास दिला. लिंबाचा वास येतो, ते खरंच. चटणी वाटली, चांगली होती, आणि प्लेटमागे दहा रुपये वाढले होते. ‘दिदी, ओरिजिनल आहे.’ मी म्हटलं, मला आपली तिरफळाचीच दे, जुन्या भावात. ती म्हणाली, तिरफळाची हवी तर मिळेल, पण भाव एकच, कारण आता दोन चटण्या वाटाव्या लागतात. ही वाटाघाट अजून चालू आहे.